गाडीवानाचा चेहरा

अंकूच्या विळ्याचं पातं बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, हे मस्यू रोझेलला मी सांगितलं. त्यानं आपला गवत कापायचा साधा, लांब दांड्याचा विळा रंगवला होता, पातं आत, कापणाऱ्याच्या पायांकडे. मी म्हटलं, साहेब, हा तर शेतकरी झाला. आमचा अंकू विळा ओढत नाही, पुढे ढकलतो. तो इतका खूश झाला की लगेच चाकू घेऊन वाळलेला रंग खरवडायला बसला. पॅरिसहून मृत्यूचं चित्र काढायला आलेला माणूस, आणि मृत्यू हत्यार कसं धरतो हे त्याला खानावळवालीनं शिकवावं लागलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू.

अंकू म्हणजे मृत्यूचा गाडीवान, आणि तो एकच नसतो. दर गावाचा आपापला असतो. वर्षात गावाच्या शिवेच्या आत जो सर्वांत शेवटी मरतो, त्याला पुढचं वर्षभर ती करकरणारी गाडी हाकावी लागते, आणि ज्याच्या दाराशी गाडी थांबेल त्याला उचलावं लागतं. वर्ष संपलं की नवा मेलेला गाडीवर चढतो आणि जुन्याची सुटका होते. आमच्या प्लूव्हरनमध्ये त्या साली गाडीवर लोहार हेर्ले होता. जिवंतपणी एका घोड्याला नाल मारायला तो आठवडा लावायचा, आणि त्याच्या वर्षात माणसंही तशीच रेंगाळत, कण्हत गेली. लोक म्हणायचे, हेर्लेच तो, त्याला कसली आलीय घाई.

मस्यू रोझेल जूनमध्ये आला. खानावळ मी आणि माझी आई बार्बा, दोघी चालवत होतो. त्यानं वरची खोली घेतली, मागचं कोठार चित्रासाठी घेतलं, आणि जेवताना काळ्या गव्हाच्या धिरड्यांवर लोणी चोपडता चोपडता सांगायचा की मला डोळ्यांना दिसतं ते काढायचं नाही, आत्म्याला दिसतं ते काढायचंय. त्याच्या आत्म्याला गवत निळं दिसत होतं. ब्रेस्टला एका वकिलाच्या घरी चार वर्षं कामाला होते म्हणून मला फ्रेंच येतं. गावात ती भाषा येणारे पाद्री सोडले तर मीच, त्यामुळे त्याचं बोलणं गावाला आणि गावाचं त्याला, सगळं माझ्याच तोंडून जायचं.

त्याला अंकूसाठी चेहरा हवा होता. गावात कोण बसणार? त्यानं घंटा वाजवणाऱ्या बिएझीला विचारलं, तर बिएझी तीन दिवस आमच्याकडे प्यायला आला नाही, आणि बिएझी तीन दिवस प्यायला न येणं म्हणजे काय ते आमच्या गल्ल्याला विचारा. शेवटी मस्यू हिरमुसला, सामान बांधायची भाषा करायला लागला. सबंध उन्हाळ्याचं गिऱ्हाईक हातचं जाणार म्हणून मी म्हटलं, "थांबा आठवडाभर. गोनेरी येईल."

गोनेरी डोंगराकडचा चिंध्यावाला. हातगाडी ओढत गावोगाव फिरायचा, जुने फाटके कपडे घ्यायचा आणि बदल्यात चिनी मातीचे वाडगे द्यायचा. उंच, वाळलेला, गालांच्या जागी दोन खड्डे, डोळे खोल गेलेले. त्याच्या गाडीचं उजवं चाक इतकं करकरायचं की कुत्री आधी भुंकायची आणि तो मागून यायचा. चाकाला तेल घाल म्हटलं तर म्हणायचा, मग मला ओरडावं लागेल, चाक फुकट ओरडतंय. सदा हसतमुख. गावात असला की आमच्या गोठ्यात पेंढ्यावर झोपायचा. आई त्याच्यासाठी धिरडी झाकून ठेवायची. तो तिला मावशी म्हणायचा, आणि निळा कोंबडा रंगवलेला वाडगा आणून देईन म्हणून चार वर्षं तिला झुलवत होता.

तो आला. मी त्याला कोठारात नेलं. त्यानं विचारलं, कुणाचं चित्र आहे, कशासाठी उभं राहायचं?

मी म्हटलं, "गाडीवानाचं."

खोटं नव्हतं ते. अंकू गाडीच हाकतो.

"मग बरोबर माणूस धरलास," तो म्हणाला. "घोडा पण मीच, गाडीवान पण मीच."

मस्यूनं त्याच्या हातात नुसता दांडा दिला, पात्याशिवाय. अंगात लांब काळा कोट, जुन्या बाजारातून उचललेला, आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी. गोनेरी नऊ दिवस उभा राहिला. मस्यू मला सांगायचा, त्याला म्हणावं हसू नको. मी सांगायचे. तो गंभीर व्हायचा आणि पुन्हा त्याच्या ओठांची कड वर जायची. शेवटच्या दिवशी मस्यूनं विचारलं, काय देऊ, तर गोनेरीनं तो कोट मागितला. इतकं उबदार त्याच्या अंगाला जन्मात काही लागलं नव्हतं. मस्यूनं कोट दिला आणि वर टोपीही दिली. गोनेरी ते अंगावर घालूनच गावातून करकरत निघून गेला. विळ्याचं पातं त्यानंतर रंगवलं गेलं, मी सांगितलं तसं.

सप्टेंबरात गावच्या संताची जत्रा असते. मस्यूला वाटलं गावाला चित्र दाखवावं. त्यानं कोठाराचं दार उघडं टाकलं. प्रार्थना आटोपून माणसं आली, नवे कपडे, पोटात सफरचंदाची दारू, हसत-खिदळत आली आणि दारातच गप्प झाली. निळं माळरान, त्यावर गाडी, गाडीवर बाहेर वळलेल्या पात्याचा विळा, आणि टोपीखाली गोनेरी.

बिएझी बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "काटेल, हा तर अजून मेला पण नाही."

"चित्र आहे ते," मी म्हटलं.

"चित्र आहे खरं. पण गाडीवर बसवलात ना त्याला."

तेवढंच. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं की चिंध्यावाला हाच अंकू आहे, किंवा होणार आहे, किंवा मधलं काहीतरी आहे. मस्यूला मी सांगितलं, लोकांना फार आवडलं.

ऑक्टोबरात गोनेरी पुन्हा आला, तोच कोट, तीच टोपी, तेच चाक. पाणवठ्याजवळच्या घरातून त्याला चिंध्या मिळाल्या, कारण त्या घरची बाई जत्रेला गेली नव्हती. त्यानं तिच्या दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात फिरवला. चौथ्या दिवशी मुलगी घटसर्पानं गेली. मग गावानं त्याचे वाडगे फोडले. दारोदार बायका वाडगे आणून उंबऱ्याच्या दगडावर आपटत होत्या. ज्यात काल पोरांना लापशी वाढली, तेच. आईनं आमचे फोडू दिले नाहीत.

गोनेरीला काही कळेना. तो दारासमोर उभा राहून आपले नेहमीचे विनोद करायचा आणि दार बंद व्हायचं. त्याला कुणी सांगितलं नाही, कारण ज्याचं नाव त्याच्या तोंडावर घेऊ नये असाच तो झाला होता. मला विचारलं त्यानं, गावाला काय झालंय. मी म्हटलं, साथ आहे, माणसं घाबरलीत.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "तू सांग त्याला. जीभ तू चालवलीस, आवर पण तूच."

मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगते. गिऱ्हाईकांपुढे अंकूची बाजू घेणारी खानावळ मला व्हायचं नव्हतं. हे कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं.

मस्यूनंही त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला. जायच्या आदल्या दिवशी तो चुलीजवळ बसून आईचं चित्र वहीत उतरवत होता. आईनं पदरासारखा एप्रन तोंडावर ओढला. मला म्हणाली, सांग त्याला, माझं तोंड कुठे नेऊ नकोस. मी मस्यूला सांगितलं, आई लाजते आहे. तो हसला आणि एप्रन खाली यायची वाट बघत बसला. वाटाणे सोलायचे तर एप्रन किती वेळ धरणार?

डिसेंबरात आई आजारी पडली. छातीत कफ, अंगात ताप, आणि वय सत्तरच्या पुढे. नोव्हेंबरात लाकडी जोडे करणारा म्हातारा गेला होता, त्याच्यानंतर गावात कुणी गेलं नव्हतं. म्हणजे येत्या वर्षाची गाडी तोवर त्याच्या नावावर. त्याची बायको फांत आमच्याकडे रोज यायला लागली. सूप आणायची, आईच्या छातीला कान लावायची. तिला आईच्या तब्येतीची फार काळजी. एकदा मी दारापर्यंत पोचवायला गेले तर मला विचारलं, डॉक्टर किती दिवस म्हणतो? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला म्हणावं जोडे घालून तयार राहा. ती रडत गेली. मला वाईट वाटलं नाही.

आईला सगळं कळत होतं. सरकत्या दाराच्या लाकडी पलंगात ती उशांना टेकून बसायची, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. माझा हात घट्ट धरून म्हणायची, "पहिल्या तारखेपर्यंत मला जगव गं. मला गाडी नको. मी या लोकांना पन्नास वर्षं वाढलंय, आता त्यांच्या दारात उचलायला उभी राहू?" आणि मग हळूच, "तुझ्या दारात यायला लागलं तर मी काय करू?"

मी तिला जगवायची शर्थ केली. गरम विटा, मध, ब्रँडी, पाद्रीबाबांचं पाणी. एकतीस डिसेंबरच्या सकाळी आठ वाजता माझ्या हातातला चमचा तिच्या ओठांशी असताना ती गेली. सोळा तास कमी पडले.

मी घड्याळ बंद केलं, आरसा भिंतीकडे फिरवला, घरातलं पाणी आणि दूध ओतून दिलं. बायका आल्या. फांत पुढे होऊन इतकी रडली की बघणाऱ्याला वाटावं तिचीच आई गेली. तिच्या माणसाची सुटका झाली होती, रडणारच. बिएझी टोपी हातात घेऊन म्हणाला, "अजून मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे, काटेल. कुणी ना कुणी..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

आता पुढचं सांगते. आईला बायकांच्या ताब्यात देऊन मी शाल घेतली आणि गावभर फिरले. आईच्या निधनाची खबर द्यायला, असं म्हणत प्रत्येक घरात गेले आणि म्हाताऱ्यांच्या तब्येती विचारल्या. लान कोझ दोन वर्षं अंथरुणाला होता, तो त्या दिवशी उठून डुकराची चरबी खात होता. पक्षाघात झालेली त्याची बहीण मला म्हणाली, आज फार बरं वाटतंय. सगळं गाव ठणठणीत. मी देवाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

तीनच्या सुमारास बर्फमिश्रित पाऊस पडायला लागला आणि चाकाचा आवाज आला.

बायकांनी प्रार्थना थांबवली. फांत किंचाळली, "आला, न्यायला आला." मी दाराचा वरचा अर्धा भाग उघडला. गोनेरी गाडीच्या दांड्यांवर ओणवा होता. कोट ओला होऊन पायांना चिकटलेला. खोकला आला की त्याला दांडा धरून उभं राहावं लागत होतं, आणि रुमालावर लाल होतं.

"काटेल, गोठ्यात पडू दे," तो म्हणाला. "वरच्या अंगाला सात दारं वाजवली. एकानंही घेतलं नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं ज्याला बघत होते तो माणूस मला दिसला नाही. हा मध्यरात्रीपर्यंत टिकणार नाही, एवढंच दिसलं.

"आत आई गेलीय," मी म्हटलं. "गोठ्याची किल्ली सापडत नाही. तू तिथे विहिरीच्या भिंतीला बस. कुठे जाऊ नकोस. मी बघते."

किल्ली माझ्या कमरेला होती.

आई गेली ऐकल्यावर त्याचं तोंड रडवेलं झालं. तो गाडीपाशी गेला, चिंध्यांत हात घालून काहीतरी शोधलं आणि येऊन खालच्या दारावर ठेवलं. निळ्या कोंबड्याचा वाडगा. मग तो विहिरीच्या भिंतीला जाऊन बसला, मी सांगितलं तिथे. भिंत उत्तरेकडची. वारा सरळ तिथेच लागतो, हे मला माहीत होतं.

मी दार लावलं. दर थोड्या वेळानं फटीतून बघत होते. घड्याळ बंद होतं, म्हणून प्रार्थनेची माळ मोजत होते. दोन माळा झाल्या की एकदा. पहिल्यांदा तो हात चोळत होता. नंतर हात कोटात घेतले. नंतर टोपी घसरली ती त्यानं उचलली नाही. चौथ्यांदा बघितलं तेव्हा हलत नव्हता, आणि मी दार उघडून बाहेर गेले. कशासाठी गेले? बघायला.

त्यानं डोळे उघडले. "मावशी कधी गेली?"

"आज सकाळी."

तोही आमच्याच मुलखातला. त्याच्या डोंगरातही गाडीचा हिशोब हाच. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या कमरेच्या किल्ल्यांकडे, मग आपल्या अंगावरच्या कोटाकडे. ओल्या बाहीवरून त्यानं एकदा हात फिरवला. पडलेली टोपी उचलून उलटसुलट करून बघितली.

"गाडीवान म्हणालीस," तो म्हणाला.

मी हातानं किल्ल्या झाकल्या.

"म्हणून दारं बंद. वाडगे पण म्हणूनच फोडले." तो भिंतीला धरून उठला, खोकला, पुन्हा उठला. "मावशीसाठी मी बसलो असतो काटेल. इथंच बसलो असतो. तू विचारायचं होतंस."

मी म्हटलं, "बस ना मग."

बोलून गेले. ते शब्द परत गिळता येत नाहीत. त्यानं टोपी नीट डोक्यावर ठेवली, दांडे उचलले आणि ओढ्याच्या रस्त्याला लागला. मी त्याच्या मागे धावले. गोठा उघडते म्हटलं, आत चल म्हटलं, जेवायला देते म्हटलं. पूल चारशे पावलांवर आहे आणि पुलाच्या मधोमध दगडी क्रूस. तिथे आमची शीव संपते. तो दर दहा पावलांना थांबत होता. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता. मी गाडी मागून धरून ठेवली, खरंच धरून ठेवली. त्याला माझ्यासकट ती ओढायला बळ कुठून आलं मला माहीत नाही.

क्रूसाच्या पलीकडे तीन पावलं गेला आणि दांड्यांमध्येच खाली बसला. तिथेच गेला. अजून उजेड होता.

मी त्याचे पाय धरले आणि ओढायला लागले. लाकडी जोडा माझ्या हातात आला, तो टाकून मी घोटा धरला. बिएझी मागून आला होता. तो मला अडवायला हातही लावेना, नुसता म्हणाला, "सोड. जीव कुठे गेला ते धरतात. अंग कुठे नेलं ते नाही." मग पलीकडच्या गावची दोन माणसं आली आणि मेलेल्याला घेऊन गेली. त्यांच्याकडे एक म्हातारी ख्रिसमसला गेली होती. तिची गाडी आता गोनेरीवर गेली, म्हणून तिचे लोक त्या संध्याकाळी बिएझीला दारू पाजत होते.

मध्यरात्री चर्चच्या घंटेचे बारा ठोके पडले. आमच्या गावात दुसरं कुणी गेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये मस्यू रोझेल आला. चित्राला पॅरिसमध्ये पदक मिळालं होतं, मोठ्या श्रीमंतानं ते विकत घेतलं होतं. गोनेरी कुठे आहे विचारलं. मेला म्हटलं. तो खरंच खिन्न झाला. मग म्हणाला, तो कोट मिळेल का, दुसऱ्या चित्राला हवा होता. कोट त्याच्याबरोबर पुरला म्हणून सांगितलं.

"तसाही तो चेहरा मला शेवटी ठेवता आला नाही," मस्यू म्हणाला. "काही केल्या हसरा व्हायचा. नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी मी तो खरवडून काढला."

त्यानं माझ्यासाठी चित्राचा फोटो आणला होता. माळरान, गाडी, बाहेर वळलेलं पातं. टोपीखाली माझी आई होती. वाटाणे सोलताना ज्या नजरेनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं, तीच नजर. मस्यू सांगत होता की वहीत तो चेहरा सापडला आणि एका दुपारभरात चित्र पुरं झालं. गोनेरीचा एक केसही त्यात उरला नव्हता. मी मस्यूला म्हटलं, फार सुंदर आहे.

यंदा गावात आतापर्यंत आठ जण गेले. कुणी रेंगाळलं नाही, कुणी कण्हलं नाही. लोक म्हणतात, बार्बाबाईचा हात हलका आहे. फांत मार्चमध्ये गेली, सूप ढवळता ढवळता.

आता नोव्हेंबर आहे आणि मला खोकला लागलाय. निळ्या कोंबड्याचा वाडगा मी वापरते, फोटो कपाटात पालथा ठेवलाय. दाराला मी हल्ली कडी घालत नाही. आई आली तर तिला बाहेर थांबायला लागू नये.